पहिला कॅमेरा? आधी ती एक्सेल बंद करा!

गेल्या दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. बिल्ड फुटलेली, डोकं उठलेलं, अशा अवस्थेत ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. आमच्या टीममधला एक पोरगा (मूळचा कोल्हापूरचा, म्हणून सगळे त्याला कोल्हापूरकरच म्हणतात) शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, पहिला कॅमेरा घ्यायचाय. तुला एक शीट पाठवलंय, जरा बघतोस का?"

बघितलं. चौदा मॉडेल्स, बावीस कॉलम. मेगापिक्सेल, सेन्सर, फोकस पॉइंट्स, सेकंदाला किती फ्रेम्स, व्हिडिओ, बॅटरी, वजन, किंमत... आणि शेवटी प्रत्येक गोष्टीला वेटेज देऊन काढलेला एकूण स्कोअर. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात फरक ०.३ चा.

"म्हणूनच ठरत नाहीये," तो म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

"जूनपासून."

मी हसलो नाही. कारण अगदी असंच एक शीट माझ्याकडेही होतं, आणि त्याची मी मोजलेली किंमत अजून विसरलेलो नाही. ती आधी सांगतो, मग भांडतो.

२००७ साल. नोकरीला लागून तीन वर्षं झालेली, खात्यात चार पैसे साठलेले, आणि त्या काळात आयटीतल्या दर दुसऱ्या मराठी पोराला यायचा तसा मलाही फोटोग्राफीचा झटका आलेला. कऱ्हाडला आमच्या काकांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, एका बोळातली एक खोली. मधोमध काळं ट्रेडल मशीन, भिंतीला लागून लाकडी केसेस, त्यांच्या खणांत शिशाचे खिळे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. काका चष्मा कपाळावर सरकवून उलटी अक्षरं इतक्या भराभर जुळवायचे की लहानपणी मला ती जादूच वाटायची. डीटीपी आणि ऑफसेटपुढे हे टिकणार नव्हतंच. त्या दिवाळीत काका म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत चालवतो, मग बंद." मी म्हटलं, "काका, मी नवीन कॅमेरा घेतोय. आला की दोन दिवस रजा काढून येतो, मस्त फोटो काढू."

मग मी शीट उघडलं. निकॉनचा डी४० होता ६.१ मेगापिक्सेलचा, आणि त्याचाच भाऊ डी४०एक्स १०.२ चा. या दोघांत मी दोन महिने घालवले. जानेवारी २००८ मध्ये डी६० जाहीर झाला, शीटमध्ये एक ओळ वाढली. मग कॅननवाला एक मित्र भेटला, पाच ओळी वाढल्या. एप्रिलमध्ये मी लेन्सच्या कडेकोपऱ्यातल्या शार्पनेसचे आलेख वाचत होतो. मे महिन्यात काकांनी मशीन भंगारात दिलं आणि खिळे किलोवर विकले. जूनमध्ये माझा कॅमेरा आला.

कऱ्हाडला गेलो तेव्हा खोलीत काहीच नव्हतं. फरशीत मशीनचे चार बोल्ट होते, त्यांचा फोटो काढला. एकदम शार्प आला आहे. दहा मेगापिक्सेल, हवा तेवढा मोठा करून बघा!

छापखान्याचा एकच फोटो आमच्या घराण्यात आहे. तो माझ्या चुलत भावाने साध्या तीन मेगापिक्सेलच्या डबड्याने काढलाय. समोरून फ्लॅश मारलेला, काकांचा चष्मा चमकतोय, कोपऱ्यात नारिंगी रंगात तारीख. तोच फ्रेम करून काकूंनी दिवाणखान्यात लावलाय. काका आता नाहीत. मी घरी गेलो की त्या फोटोकडे बघतो आणि आपण जगातले एक नंबरचे मूर्ख आहोत असं दर वेळी नव्याने वाटतं.

तर मंडळी, माझा मुद्दा असा. 'पहिला कॅमेरा कुठला घेऊ?' हा प्रश्न आपण चुकीच्या जागी सोडवत बसतो. माझं उत्तर एका वाक्यात सांगतो आणि मग ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडावं: पहिला कॅमेरा वापरलेला घ्या, त्याला एकच लेन्स लावा, ती झूम नसावी, आणि हे सगळं एका आठवड्यात उरका.

आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप, "अरे पण जुन्यात मेगापिक्सेल कमी असतात!" आपण इंजिनियर आहोत ना? मग गणित करा. डी४० चा फोटो ३००८ पिक्सेल रुंद, डी४०एक्सचा ३८७२. म्हणजे मी ज्या 'सहा की दहा' वर दोन महिने जाळले, तो प्रत्यक्षात रुंदीतला २९ टक्के फरक होता. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. बारकावे दुप्पट हवे असतील तर आकडा चौपट व्हावा लागतो. आणि एवढे पिक्सेल बघणार कुठे? घरातला फोर-के टीव्ही ८.३ मेगापिक्सेलचा. बारा बाय आठ इंचांचा प्रिंट, इंचाला ३०० ठिपके असा व्यवस्थित काढला, तर त्याला ८.६४ मेगापिक्सेल लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचा कुठलाही साधा डीएसएलआर १६ ते २४ मेगापिक्सेलचा आहे. व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे हा कॉलम शीटमधून उडवून टाका. त्यानेच निम्मं शीट कोसळतं.

दुसरा आक्षेप जरा हुशार लोकांचा असतो. "एकदाच घ्यायचं तर फुल फ्रेमच घेऊ, फ्यूचर-प्रूफ." हे वाक्य ऐकलं की मला आमच्या धंद्यातली ती मंडळी आठवतात, जी दहा लाख युजर्स झेपतील असं आर्किटेक्चर उभं करतात आणि वापरणारे असतात तिघं, त्यात एक टेस्टर. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याहून छोटा एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधराचा. मोठ्यावर प्रकाश जास्त पडतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्याबरोबर लेन्सेस मोठ्या, जड, महाग होतात. मग तो कॅमेरा 'जपून' वापरला जातो. जपून म्हणजे कपाटात. दोन-अडीच लाखांची वस्तू गळ्यात अडकवून तुम्ही पीएमपीच्या बसमध्ये चढणार आहात का? पावसात वारीत घुसणार आहात का? भाजीमंडईत पाण्याच्या शिंतोड्यांत उभे राहणार आहात का? नाही. तुम्ही ती लोणावळ्याला न्याल, धुक्याचे फोटो काढाल आणि परत पुसून ठेवाल.

आणि हा सल्ला आपल्याला इतक्या जोरात का मिळतो त्यालाही कारण आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले. मोबाईलने तो धंदा खाल्ला आणि २०२० साली हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. गिऱ्हाईक कमी झालं की दुकानदार काय करतो? उरलेल्याला महाग माल विकतो. त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण त्यांच्या धंद्याची गरज आपली गरज समजू नये, एवढंच. आणि गंमत म्हणजे त्या १२ कोटीवाल्या वर्षांचे कॅमेरे कुठेही गेलेले नाहीत. ते लोकांच्या कपाटांत आहेत, लग्नात घेतलेल्या साड्यांसारखे, चार वेळा वापरलेले. कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्शात मिळतात. "पण ते मेलेलं तंत्रज्ञान आहे!" असेल. बँकांमध्ये अजून कोबोल चालतं आणि तुमचा पगार वेळेवर जमा होतो. उद्या मिररलेस घेतलात तर कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सेस अडॅप्टर लावून चालतात, निकॉनच्या मोटरवाल्या एएफ-एस लेन्सेसही चालतात. पैसे वाया जात नाहीत.

आता लेन्स. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती आपणच आपली करतो. दुकानात 'डबल लेन्स किट' असतं. एक १८-५५, एक लांबची झूम, वर बॅग आणि ट्रायपॉड 'फ्री'. आपल्याला वाटतं, वा, सगळं कव्हर झालं! मीही तेच घेतलं होतं. मध्यंतरी एका रविवारी मी माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या फोटोंवर पायथनची एक वीस ओळींची स्क्रिप्ट चालवली. प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते, ती काढून मोजली. निम्म्याहून जास्त फोटो एकतर १८ वर किंवा ५५ वर. म्हणजे मी झूम वापरतच नव्हतो. सगळं मावत नाही म्हणून एका टोकाला, जवळ जायची लाज वाटते म्हणून दुसऱ्या टोकाला. लांबची झूम तर फक्त भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा बाहेर निघाली, आणि तिथेही कमीच पडली.

शिवाय प्रकाशाचं काय? ही किट लेन्स ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकीच उघडते. साधी, स्वस्त, झूम न होणारी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा, वर्ग करा: साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश! कळत नसेल तर असं बघा. अंधाऱ्या खोलीत किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर हिला साधारण शंभरावा पुरतो. दहाव्या भागात माणसाचा हात हलतो आणि फोटोत भूत येतं. शंभराव्यात खिळा उचलणारी बोटं बऱ्यापैकी थांबतात. आपल्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक अशाच खोल्यांत घडतात. ट्यूबलाइटखाली, देवघरात, स्वयंपाकघरात, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तिथे फुल फ्रेमचा सेन्सर जेवढं देतो त्याहून जास्त ही छोटी लेन्स देते, आणि तीही वापरलेली मिळते.

आणि झूम नसली की पायांनी झूम करावं लागतं. पुढे जावं लागतं, माणसाशी बोलावं लागतं, "काका, एक फोटो काढू का?" म्हणावं लागतं. हे शिकायलाच तर आलोय आपण! ऑन्री कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीच्या एका लेन्सवर केलं. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत तो गांधीजींना भेटला, त्याच दिवशी त्यांची हत्या झाली आणि त्यानंतरचे अंत्ययात्रेचे दिवस त्याने टिपले. तेव्हा त्याच्याकडे बावीस कॉलम नव्हते. (एक तांत्रिक टीप: एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स घरातल्या खोलीत फार जवळची वाटते. ३५ मिमी घेतलीत तर बरं.)

तिसरा आक्षेप सगळ्यात दमदार. "मोबाईल आहे की! कॅमेरा हवाच कशाला?" प्रामाणिकपणे सांगतो, नोंद ठेवायची असेल तर मोबाईलसारखं हत्यार नाही. काकांचा छापखाना आज बंद होत असता तर मी खिशातून मोबाईल काढून दोनशे फोटो काढले असते आणि तेच बरोबर झालं असतं. ज्याला शिकायचं नाही त्याने कॅमेरा अजिबात घेऊ नये, त्या पैशात कुटुंबाला कोकणात नेऊन आणावं.

पण ज्याला शिकायचंय त्याचं काय? मोबाईल आपली चूक आपल्याला दाखवतच नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो अनेक फ्रेम्स घेऊन एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश निळं करतो, कातडी गुळगुळीत करतो. २०२३ मध्ये तर एका मोबाईलने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रावर स्वतःच खड्डे भरून दाखवले आणि त्यावर मोठा वाद झाला. समजा, तुमचा कंपायलर तुमच्या सगळ्या चुका गुपचूप दुरुस्त करून प्रोग्राम चालवून दाखवायला लागला. डेमो छान होईल. पण तुम्ही प्रोग्रामर व्हाल का? जुना कॅमेरा एरर तोंडावर फेकतो. फोटो काळा आला, हलला, फोकस नाकाऐवजी कानावर बसला. मग तुम्ही विचारता, का? आणि त्या 'का' पासून फोटोग्राफी सुरू होते.

दिवेघाटात एकदा पालखीच्या वेळी जाऊन बघा. वळणावरच्या कठड्याला शेकडो कॅमेरे आणि हजारो मोबाईल लागलेले असतात आणि सगळ्यांत तोच एक फोटो: खाली वळणारा रस्ता आणि पांढऱ्या टोप्यांचा पूर. तांत्रिकदृष्ट्या सगळे उत्तम. पण कठड्यापासून मागे वळून, झाडाखाली पायाचे फोड फोडत बसलेल्या आजींशी दोन शब्द बोलून फोटो काढणारे किती? त्यासाठी कुठल्याच शीटमध्ये कॉलम नाही.

बरं, आता भांडण पुरे, कामाचं बोलू. वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचं?

मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात जा, नाहीतर ओळखीत विचारा, कुणाच्या तरी कपाटात नक्की असतो. लेन्स हातात घ्या, मागून टॉर्च मारा आणि समोरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, हात जोडून परत द्या. आपल्या पावसाळ्याने जितक्या लेन्सेस मारल्या असतील तितक्या पडून फुटल्या नसतील. लेन्स एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव करायला उपयोगी पडते! शटर किती वेळा उघडलंय ते निकॉनच्या फोटो-फाइलमध्येच लिहिलेलं असतं. कॅननच्या बहुतेक मॉडेल्समध्ये ते असं सापडत नाही. साध्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाखासाठी बनवलेलं असतं, वीस-तीस हजार असतील तर बिनधास्त घ्या. आणि निकॉनवाल्यांनी एक खड्डा चुकवावा: डी४० किंवा डी३००० च्या घराण्यातल्या छोट्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेली जुनी लेन्स लावली तर हाताने फोकस करत बसावं लागतं. मी हे पैसे देऊन शिकलोय.

घरी आणलात की तो बॅगेत नाही, चपलांच्या स्टँडजवळ हाताशी ठेवा. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. एक वर्ष काहीही नवीन घ्यायचं नाही. दर महिन्याला दहा फोटो निवडून प्रिंट काढायचे. पैसे उरले तर ते एसटीच्या तिकिटावर खर्च करायचे.

अपवाद? आहेत ना. पक्ष्यांचं वेड असेल तर ३५ मिमी घेऊन काही होणार नाही, पण तिथेही आधी मोठी लेन्स दोन दिवस भाड्याने घ्या आणि पहाटे चारला उठवतं का ते बघा. लग्नाची कामं करून पैसे मिळवणार असाल तर तो धंदा झाला, त्याचे हिशोब वेगळे. बाकी आपण सगळे शनिवार-रविवारचे खेळाडू. आपल्याला अडवणारी गोष्ट कॅमेरा ही कधीच नसते.

असो. त्या दिवशी टपरीवर मी कोल्हापूरकराला एवढं सगळं ऐकवलं नाही. फक्त एक विचारलं, "तुला फोटो कशाचे काढायचेत?"

तो जरा थांबला. म्हणाला, "आजोबांचं गुऱ्हाळ आहे. ऊस सगळा कारखान्याला जातो आता, गुळव्या मिळत नाही. हा शेवटचा सीझन, असं म्हणतायत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "गुऱ्हाळ कधी सुरू होणार?"

"दिवाळीनंतर लगेच."

"मग या शनिवारी आपण कॅमेरा आणतोय," मी म्हटलं. "आणि ते शीट डिलीट कर. माझ्यासमोर."

शनिवारी गेलो. नऊ वर्षं जुना डीएसएलआर आणि ३५ मिमीची लेन्स, तासाभरात काम झालं. तो त्याच्या शीटमध्ये नव्हताच.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री त्याने बेचाळीस फोटो पाठवले. अर्ध्याहून जास्त काळेकुट्ट, काहींत चुलवाणाचा जाळ तेवढा पांढरा फटक, काही नुसतेच धूसर. एकात मात्र आजोबा काहिलीवर वाकलेत, वाफेतून अर्धा चेहरा दिसतोय आणि हातावर जाळाचा उजेड पडलाय. खाली त्याचा मेसेज होता: "दादा, बाहेरच्या थंडीतून आत गेलो की लेन्सवर वाफ बसते. काय करू?"

सहा महिन्यांत त्याने मला विचारलेला हा पहिला बरोबर प्रश्न होता. लगेच उत्तर दिलं, "कॅमेरा बॅगेसकट आत नेऊन ठेव, अर्धा तास उघडू नकोस. तोपर्यंत आजोबांशी बोलत बस."